पीएचपी टाकलं, पण कोणतं?

परवा रात्री एका मित्राचा फोन आला, पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेबद्दल. "अरे, सर्व्हरवर पीएचपी टाकलंय, टर्मिनलमध्ये व्हर्जन विचारलं तर ८.३ सांगतंय व्यवस्थित, पण ब्राउजरमध्ये साइट उघडली की पान दिसतच नाही, फाइलच डाऊनलोड होतेय." मी विचारलं, डाऊनलोड झालेली फाइल उघडून बघितलीस का, तर म्हणाला हो, माझाच कोड आहे त्यात, जसाच्या तसा. मग बाकी काही न विचारता मी त्याला म्हटलं, आधी इंजिनएक्स, म्हणजे पानं बाहेर पाठवणारा तुझा वेब सर्व्हर, बंद कर, आत्ताच्या आत्ता, मग बोलू.

त्याला वाटलं मी उगाच घाबरतोय. पण नीट विचार करा ना, तो कोड ज्याला दिसतो त्याला कॉन्फिग फाइलही दिसते, आणि कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड सगळं उघडं लिहिलेलं असतं. एरवी ते बाहेर जात नाही कारण पीएचपी ती फाइल चालवतं आणि फक्त उत्तर बाहेर पाठवतं. चालवणारंच कोणी नसेल तर वेब सर्व्हरच्या दृष्टीने ती साधी फाइल, मागितली की दिली. आणि अशा ओळखीच्या नावांच्या फाइली शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात, नवीन सर्व्हर चालू केल्यावर थोड्याच वेळात लॉगमध्ये त्यांच्या रिक्वेस्ट दिसायला लागतात. म्हणून आधी सर्व्हर बंद, मग डेटाबेसचा पासवर्ड बदलणं, आणि मग स्क्रीन शेअर करून आम्ही दोघं बसलो. त्या रात्री जे जे केलं आणि मी आधी स्वतः जिथे जिथे अडकलो होतो ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण इन्स्टॉलची कमांड सगळीकडे सापडते पण ती कमांड मारल्यानंतर काय होतं ते मराठीत मला तरी कुठे धड वाचायला मिळालं नाही.

तर मूळ घोटाळा हा की टर्मिनलमधलं पीएचपी आणि वेबसाइटचं पीएचपी हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत. भाषा तीच, बहुतेक वेळा व्हर्जनही तेच, पण चालवणारा वेगळा, सेटिंगची फाइल वेगळी, आणि एक असला म्हणजे दुसरा असेलच असं नाही. मित्राने काय केलं होतं, उबुंटू या लिनक्सवर टर्मिनलमध्ये नुसतं पीएचपी टाइप केलं, उबुंटूने सांगितलं की ही कमांड नाहीये, हवी असेल तर अमुक पॅकेज टाका, आणि सुचवलं पीएचपी ८.३ सीएलआय. त्याने ते टाकलं. सीएलआय म्हणजे कमांड लाइनवालं. उबुंटूचं काही चुकलं नाही, तुम्ही कमांड मागितली आणि त्याने कमांड दिली, पण वेबसाइटसाठी लागणारा भाग त्यात नाहीच. आणि व्हर्जन विचारलं की हेच कमांड लाइनवालं उत्तर देतं, त्यामुळे माणसाला वाटतं झालं आपलं काम.

हे दोन प्रकार का आहेत ते कळायला थोडं मागे जावं लागतं. रासमुस लेरडॉर्फने १९९४ मध्ये स्वतःच्या होमपेजसाठी सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले, नाव होतं पर्सनल होम पेज टूल्स, पीएचपी हे नाव तिथूनच आलं. ते सीजीआय पद्धतीने चालायचे, म्हणजे पानाची मागणी आली की वेब सर्व्हर एक नवीन प्रोसेस सुरू करणार, ती उत्तर देणार आणि संपणार, पुढच्या मागणीला परत नवीन. येणारी माणसं कमी असतील तोवर ठीक, वाढली की सर्व्हरचा सगळा वेळ प्रोसेस सुरू करण्यातच जातो. मग अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या आतच पीएचपी बसवायची पद्धत आली, मॉड पीएचपी, आणि कित्येक वर्षं तीच चालली, अजूनही चालते. त्यात नवीन प्रोसेस सुरू करायचा त्रास नाही, पण अपाचीची प्रत्येक प्रोसेस पीएचपी अंगावर घेऊन फिरते, अगदी एखादा फोटो द्यायचा असला तरी. त्यानंतर एफपीएम, म्हणजे फास्टसीजीआय प्रोसेस मॅनेजर. ते आधी बाहेरून पॅच म्हणून लावायचं होतं, २०१० मध्ये ५.३.३ पासून ते पीएचपीच्या स्वतःच्या कोडमध्येच आलं. यात पीएचपी ही एक स्वतंत्र सर्व्हिस असते, आपल्या काही प्रोसेस तयार ठेवून बसते, आणि वेब सर्व्हर तिच्याकडे काम पाठवतो. इंजिनएक्समध्ये पीएचपी आत बसवायची सोयच नाही, त्यामुळे तिथे एफपीएम लागणारच.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की नेटवर तिन्ही काळातली ट्युटोरियल एकमेकांत मिसळून पडलेली आहेत. एकात पीएचपी ५ चं पॅकेज टाकायला सांगतात, दुसऱ्यात अपाचीचं मॉड्युल चालू करायला सांगतात आणि तुमच्याकडे अपाचीच नसतो. म्हणून कुठलंही ट्युटोरियल घेतलं की मी आधी दोनच गोष्टी बघतो, वेब सर्व्हर कोणता धरलाय आणि व्हर्जन कोणतं. जुन्या मायएसक्यूएल फंक्शनवर लिहिलेलं असेल तर मिटवून टाका, ती फंक्शनं डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली.

आता इन्स्टॉल. इंजिनएक्स असेल तर नुसतं पीएचपी नावाचं पॅकेज टाकू नका, पीएचपी-एफपीएम टाका. म्हणजे सुडो ॲप्ट अपडेट, आणि मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीएचपी-एफपीएम, बस. त्याच्याबरोबर कमांड लाइनवालं आपोआप येतं. नुसतं पीएचपी का नको ते मला चांगलंच माहितीये. ते नुसतं पॅकेज म्हणजे एक गठ्ठा आहे, त्याला वेबशी जोडणारं काहीतरी हवं असतं, आणि एफपीएम आधीपासून नसेल तर ते अपाचीचं मॉड्युल निवडतं, आणि मॉड्युलच्या मागोमाग अख्खा अपाची सर्व्हरवर येऊन बसतो. माझ्याकडे हेच झालं होतं. इंजिनएक्स ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे वेबच्या नेहमीच्या दारावर, आधीच बसलेला, अपाची सुरू व्हायला गेला, पोर्ट रिकामं नाही म्हणून पडला, आणि ती एरर इन्स्टॉलच्या लांबलचक आउटपुटमध्ये कुठेतरी वाहून गेली, मी बघितलीच नाही. इंजिनएक्स तर चालूच होता, मी खूश. काही आठवड्यांनी कर्नलच्या अपडेटसाठी सर्व्हर रीबूट केला आणि या वेळी अपाची आधी उठला, पोर्ट त्याने घेतलं, इंजिनएक्स पडला, आणि माझ्या साइटच्या जागी अपाचीचं इट वर्क्सवालं पान. मी अर्धा तास डीएनएस तपासत होतो. शेवटी सुडो एसएस आणि पुढे टीएलएनपी असं मारून कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते बघितलं तेव्हा अपाचीचं नाव दिसलं. तेव्हापासून इन्स्टॉलला हो म्हणायच्या आधी ॲप्ट जी यादी दाखवतं ती मी पूर्ण वाचतो. अर्धा मिनिट लागतो.

अपाचीच वापरायचा असेल तर मात्र नुसतं पीएचपी टाकलेलं चालतं, सगळं आपोआप जोडलं जातं, नवीन माणसाला सगळ्यात सोपा मार्ग तोच. फक्त मॉड पीएचपीसाठी अपाचीला प्रीफोर्क नावाच्या जुन्या पद्धतीवर चालावं लागतं. थोडी वर्दळ असलेल्या साइटला मी अपाचीबरोबरही एफपीएमच लावीन, प्रॉक्सी एफसीजीआय मॉड्युल चालू करायचं आणि एफपीएमची तयार कॉन्फिग चालू करायची, दोन कमांडचं काम आहे.

मित्राकडे इंजिनएक्स होता. एफपीएम टाकलं, सर्व्हिस चालू झाली, सिस्टमसीटीएल स्टेटसने हिरवं दाखवलं. तो म्हणाला झालं ना आता? नाही झालं, कारण इंजिनएक्सला अजून कोणी सांगितलेलंच नाही की डॉट पीएचपीने संपणारी फाइल स्वतः द्यायची नाही, शेजारी पाठवायची. ते सांगायचं काम साइटच्या कॉन्फिगमधल्या लोकेशन ब्लॉकचं. उबुंटू आणि डेबियनच्या डिफॉल्ट साइटच्या फाइलमध्ये हा ब्लॉक नमुना म्हणून लिहिलेलाच असतो, फक्त प्रत्येक ओळीपुढे हॅश लावून बंद ठेवलेला असतो. हॅश काढायचे, आणि काढताना शेवटच्या महिरपी कंसापुढचा हॅश विसरायचा नाही, आणि खाली फास्टसीजीआय पासच्या दोन ओळी असतात, एक सॉकेटवाली, म्हणजे दोन प्रोग्राम ज्या खास फाइलमधून बोलतात तिची, आणि एक पोर्टवाली, त्यातली एकच चालू ठेवायची. वर इंडेक्सच्या ओळीत इंडेक्स डॉट पीएचपी पण घाला, नाहीतर साइटच्या मुख्य पत्त्यावर ४०३ येतं आणि आत एखाद्या फाइलचा पूर्ण पत्ता टाकला की मात्र चालतं, आणि माणूस परमिशनच्या मागे लागतो.

त्याने हॅश काढले, इंजिनएक्सची टेस्ट कमांड मारली, ती म्हणाली कॉन्फिग ठीक, रीलोड केलं, आणि ५०२ बॅड गेटवे. या ५०२ वर लोक फार वेळ घालवतात म्हणून जरा थांबून सांगतो. ५०२ चा अर्थ इंजिनएक्स शेजारच्या दारावर गेला आणि दार उघडलं नाही. का उघडलं नाही हे एरर लॉगच्या शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे कंसात २ आणि नो सच फाइल असं असेल तर तुम्ही दिलेल्या पत्त्यावर सॉकेटच नाही. १३ आणि परमिशन डिनाइड असेल तर सॉकेट आहे पण इंजिनएक्स ज्या युजरने चालतो त्याला ते उघडायचा हक्क नाही, मग एफपीएमच्या पूलच्या, म्हणजे त्याच्या प्रोसेसच्या गटाच्या, फाइलमधली लिसन ओनरची ओळ बघायची. मित्राकडे २ होतं. कारण सॉकेटच्या नावातच व्हर्जनचा आकडा असतो, रन फोल्डरमध्ये पीएचपी नावाचं फोल्डर आणि त्याच्यात पीएचपी ८.३ एफपीएम डॉट सॉक, आणि त्या नमुन्याच्या ब्लॉकमध्ये लिहिलेला आकडा जुन्या व्हर्जनचा होता, ७.४. आकडा बदलला, रीलोड केलं, पान आलं.

मला हा आकडा वेगळ्या वेळी भेटला होता. उबुंटू २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ आहे आणि २४.०४ मध्ये ८.३. मी अख्खा सर्व्हर २२.०४ वरून २४.०४ वर नेला, सगळं सुरळीत झालं, आणि उठल्यावर ५०२. इंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये ८.१ चं सॉकेट, आणि ८.१ आता अस्तित्वातच नाही. शिवाय मी ८.१ च्या पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये केलेले सगळे बदल ८.१ च्या फोल्डरमध्येच राहिले, ८.३ ला नवीन कोरी फाइल मिळाली, ते तर मला दोन दिवसांनी कळलं जेव्हा मोठे फोटो अपलोड होईनासे झाले. आता मी मूळ पीएचपी डॉट आयएनआयला हात लावत नाही, त्याच्या शेजारच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये ९९ ने सुरू होणारी माझी छोटी फाइल ठेवतो, पाचसहा ओळींची, व्हर्जन बदललं की फक्त ती उचलून नवीन फोल्डरमध्ये टाकायची.

फोल्डरवरून आलंच आहे तर, ईटीसीमध्ये पीएचपी, त्यात ८.३, आणि त्याच्या आत सीएलआय, एफपीएम, अपाची असेल तर अपाची२, अशी वेगवेगळी फोल्डरं आणि प्रत्येकात स्वतःची पीएचपी डॉट आयएनआय. टर्मिनलमध्ये पीएचपी मायनस मायनस आयएनआय मारलं की जो पत्ता दिसतो तो सीएलआयचा. लोक ती फाइल बदलतात, सर्व्हिस दहादा रीस्टार्ट करतात, वेबवर काहीच फरक पडत नाही. वेबची सेटिंग हवी तर एफपीएमच्या फोल्डरमधली फाइल, आणि बदलल्यावर एफपीएम रीलोड करायचं, इंजिनएक्स नाही.

आता मोठ्या फोटोंचं. अपलोडला तीन फाटकं असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी. पहिलं इंजिनएक्सचं, क्लायंट मॅक्स बॉडी साइज, डिफॉल्ट १ एमबी, ते ओलांडलं की ४१३ एरर. दुसरं पीएचपीचं पोस्ट मॅक्स साइज, डिफॉल्ट ८ एमबी, अख्ख्या फॉर्मचं वजन. तिसरं अपलोड मॅक्स फाइलसाइज, २ एमबी, एका फाइलचं. सगळ्यात त्रासदायक मधलं आहे, कारण ते ओलांडलं की स्क्रिप्टला फॉर्ममधलं काहीच मिळत नाही, फाइल नाही आणि बाकीची भरलेली माहितीही नाही, आणि तुमचा कोड म्हणतो की नाव भरलेलं नाही. नाव तर भरलेलं असतं. फॉर्म भरणारा बिचारा पुन्हा पुन्हा भरत बसतो. तिन्ही आकडे एकदमच वाढवा, इंजिनएक्सचा आणि पोस्टचा थोडा जास्त ठेवून.

एक्स्टेन्शन, म्हणजे पीएचपीला वरून जोडायच्या भागांबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण आपण मराठीत लिहिणारी माणसं आणि हे आपल्याला जास्त लागतं. एफपीएम टाकल्यावर पीएचपीचा गाभा येतो, बाकी मायएसक्यूएल, एक्सएमएल, कर्ल, जीडी, झिप, इंटल, एमबीस्ट्रिंग ही वेगळी पॅकेजं. मायएसक्यूएल नसलं तर लगेच कळतं, साइट उघडतच नाही. पण एमबीस्ट्रिंग नसलं तरी आपला साधा कोड चालतो, आणि तिथेच खरी गडबड. पीएचपीचं साधं स्ट्रिंग फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट म्हणून फरक कळत नाही. देवनागरीतला प्रत्येक युनिकोड घटक यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो आणि काना, वेलांटी हे वेगळे घटक असतात. मराठी हा शब्द घ्या. म, र, काना, ठ, वेलांटी, म्हणजे ५ घटक, १५ बाइट, आणि आपल्या डोळ्यांना अक्षरं ३. साधं स्ट्रलेन म्हणणार १५, एमबी स्ट्रलेन म्हणणार ५, आणि इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम स्ट्रलेन म्हणणार ३. तिघंही आपापल्या परीने बरोबर आहेत, पण तुम्हाला हवंय काय ते तुम्हीच ठरवायचं.

माझ्या साइटवर लेखांची यादी होती, प्रत्येक लेखाची पहिली काही अक्षरं दाखवणारी, साध्या सबस्ट्रने कापलेली. काही लेख नीट दिसायचे, काहींच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन. मला वाटायचं फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. अक्षर ३ बाइटचं आणि मधली स्पेस १ बाइटची, त्यामुळे वाक्यात स्पेस किती आणि कुठे यावर कात्री अक्षराच्या मधोमध पडणार की नाही ते ठरायचं, म्हणून कधी बरोबर कधी बिघडलेलं. मग तीच यादी मी जेसन या डेटा पाठवायच्या मांडणीतून द्यायला लागलो तेव्हा यादीच रिकामी यायला लागली, कारण एकाही लेखात तुटकं अक्षर असलं तरी जेसन एन्कोड अख्ख्या यादीला नकार देतं आणि फॉल्स परत करतं. एमबीस्ट्रिंग टाकलं, एमबी सबस्ट्र वापरलं, चौकोन गेले, यादी आली. तरी एक राहिलंच, चार घटक कापले की मराठीचं मराठ होतं, वेलांटी पलीकडे राहते. शेवटी इंटल टाकून ग्राफीम सबस्ट्र वापरलं तेव्हा अक्षर पूर्ण यायला लागलं. म्हणून माझं सांगणं, मराठी साइट असेल तर एमबीस्ट्रिंग आणि इंटल ही दोन्ही पहिल्याच दिवशी टाका, लागतील तेव्हा बघू म्हणू नका.

आणि पॅकेज टाकताना व्हर्जनच्या आकड्याशिवायचं नाव घेतलेलं बरं, नुसतं पीएचपी-एमबीस्ट्रिंग, म्हणजे सर्व्हर पुढच्या आवृत्तीवर गेला की तेही बरोबर जातं. बाहेरच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजच्या साठ्यातून, दोन तीन व्हर्जनं शेजारी शेजारी ठेवणार असाल तर मात्र आकड्यासकट नाव द्या, नाहीतर एक्स्टेन्शन एका व्हर्जनला लागतं आणि साइट दुसऱ्यावर चालत असते.

परमिशन. मित्राने साइट होम फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि इथेही अडकलो. उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर दुसऱ्यांसाठी बंद असतं. इंजिनएक्स आणि एफपीएम दोघंही डब्लूडब्लूडब्लू-डेटा नावाच्या युजरने चालतात, त्यांना दारातूनच आत जाता येत नाही, मग आतल्या फाइलवर ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, मारून काय उपयोग, अडथळा वरच्या फोल्डरला आहे. नेमआय मायनस एल आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता दिला की रूटपासून एकेक फोल्डरची परमिशन ओळीने दिसते, कुठे अडलं ते लगेच कळतं, ही कमांड मला फार उशिरा माहिती झाली. साइट व्हार डब्लूडब्लूडब्लूमध्ये हलवली. आणि ७७७ कुठेच नको, कोड तुमच्या युजरच्या नावावर राहू द्या, डब्लूडब्लूडब्लू-डेटाला फक्त वाचू द्या, आणि लिहायचा हक्क फक्त अपलोडच्या फोल्डरला. त्या अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही असं इंजिनएक्समध्ये लिहून ठेवा, म्हणजे कोणी फोटोच्या नावाखाली स्क्रिप्ट चढवली तरी ती नुसती पडून राहते. एकाच सर्व्हरवर दोन तीन साइट असतील तर प्रत्येकीला एफपीएमचा वेगळा पूल आणि वेगळा युजर, एक साइट फुटली तर दुसरीच्या फाइली वाचता येऊ नयेत.

रेड हॅटच्या घराण्यातल्या सिस्टमवर काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात, तिथे ॲप्टच्या जागी डीएनएफ, सॉकेटच्या नावात व्हर्जन नसतं, आणि एसईलिनक्स नावाचा सुरक्षेचा जादा पहारा चालू असतो, त्यामुळे होममधून एमव्हीने हलवलेल्या फाइली परमिशन बरोबर असूनही वाचता येत नाहीत, रिस्टोअरकॉन मारलं की चालतं.

एफपीएमच्या पूलमध्ये आणखी एक आकडा बघून ठेवा, पीएम मॅक्स चिल्ड्रन. डेबियन आणि उबुंटूमध्ये तो ५ असतो, म्हणजे एका वेळी पाचच रिक्वेस्टवर काम, सहावी रांगेत. साइट कारण नसताना हळू वाटायला लागली आणि एफपीएमच्या लॉगमध्ये सर्व्हर रीच्ड पीएम मॅक्स चिल्ड्रन दिसलं की हेच. पण डोळे मिटून पन्नास करू नका, पीएस किंवा टॉपमध्ये एक प्रोसेस किती मेमरी खातेय ते बघा. समजा ५० एमबी खातेय आणि डेटाबेस वगैरे सोडून तुमच्याकडे ६०० एमबी मोकळी आहे, तर १० ते १२, त्यापुढे नाही. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच कोणालातरी मारतं आणि बहुतेक वेळा बळी डेटाबेसचा जातो.

मित्राने विचारलं, सोर्सवरून कंपाइल का करत नाही, एकदम नवीन मिळेल ना. मिळेल. मी शिकायला म्हणून करून बघितलंय, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, आणि प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी त्याची डेव्ह लायब्ररी आधी शोधून टाकायची, एमबीस्ट्रिंगला ओनिगुरुमा, आणखी कशाला आणखी काही. पीएचपी आतून कसं जोडलेलं आहे ते त्यातून चांगलं कळतं. पण चालू साइटवर नको, कारण उद्या सिक्युरिटीचा पॅच आला की ॲप्ट तुमच्यासाठी काहीच करणार नाही, परत सगळं तुम्हीच बांधायचं. नवीन व्हर्जनच हवं असेल तर ऑन्द्रेय सुरी यांची रिपॉझिटरी वापरा, डेबियनची पीएचपी पॅकेजंही तेच सांभाळत आलेत, त्यामुळे फोल्डरांची मांडणी अगदी तीच राहते.

आणि सिस्टमबरोबर आलेलं व्हर्जन जुनं म्हणून घाबरायचं कारण नाही. २४.०४ वर तुम्हाला ८.३.६ दिसेल आणि पीएचपीच्या साइटवर त्याच्या पुढचे कितीतरी आकडे दिसतील, पण उबुंटू सिक्युरिटीचे पॅच मागच्या व्हर्जनला लावत राहतं, वरचा आकडा न बदलता. स्वतः पीएचपीवाले एका व्हर्जनला दोन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं फक्त सिक्युरिटीचा सपोर्ट देतात, म्हणजे ८.३ ला २०२७ संपेपर्यंत.

रात्री एक वाजला होता. शेवटी मित्राला एक छोटी फाइल बनवायला सांगितली, नाव सहज न सुचणारं, आत फक्त पीएचपी इन्फोची एक ओळ. पान उघडलं. म्हटलं वरच्या निळ्या पट्ट्यातला आकडा नंतर बघ, आधी सर्व्हर एपीआयची ओळ वाच. एफपीएम फास्टसीजीआय. त्याच्या खाली लोडेड कॉन्फिगरेशन फाइलचा पत्ता, त्यात एफपीएमचं फोल्डर. हे तुझ्या वेबसाइटचं पीएचपी, मगाशी टर्मिनलने सांगितलं होतं ते दुसरं. खाली स्क्रोल करून एमबीस्ट्रिंग आहे, इंटल आहे, अपलोडचा आकडा बदललाय, सगळं बघून घेतलं. मग साइटचं पहिलं पान उघडलं, आणि मगाशी जी कॉन्फिग फाइल डाऊनलोड होत होती तिचा पत्ता मुद्दाम टाकून बघितला, कोरं पांढरं पान आलं, म्हणजे फाइल चालली आणि बाहेर काही गेलं नाही. तरी ती वेबच्या फोल्डरच्या बाहेर एक पायरी वर हलवायला लावली, आणि कोडमधला पत्ता बदलला.

तो फोन ठेवायला निघाला तेव्हा आठवण केली, ती इन्फोची फाइल उडव आधी, त्यात सर्व्हरची सगळी कुंडली आहे. त्याने उडवली. पान रीफ्रेश केलं, ४०४ आलं.